माटोळीचा सुंभ हातात धरून उभा राहिलेला नवरा

डिचोलीकडच्या एका मुलीचं पत्र आलंय. चार पानी आहे म्हणून आधी थोडक्यात सांगते. नवरा 38 वर्षांचा, सरकारी खात्यात क्लार्क. गेल्या वर्षी जूनमध्ये रात्रीच्या पावसात रस्त्यात बसलेली गुरं दिसली नाहीत, स्कूटर घसरली, हेल्मेट होतं पण हँडलला लटकवलेलं. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, 23 दिवस काढले. घरी आला, टाके सुकले, केस वाढले, चालतो, बोलतो, लोक म्हणाले देव पावला, बरा झाला. आता सव्वा वर्ष होत आलं आणि हा दिवसभर सोप्यावर बसून असतो, सांगितलेलं विसरतो, जरा आवाज झाला की अंगावर येतो. यंदा चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची आरास, बांधायला स्टुलापाशी उभा राहिला, दरवर्षी तोच बांधतो, एका हातात सुंभ, दुसऱ्या हातात सुपारीचा घोस, आणि अर्धा तास तसाच उभा. दुसऱ्या दिवशी आरतीला घुमटं, ती मातीची वाद्यं, वाजायला लागली आणि हा पुतण्यावर असा ओरडला की सगळं घर गप्प झालं. सासूबाई म्हणतात आळशी झालाय, दीर म्हणतो नाटकं करतो. आणि तू विचारतेस, "मावशी, हा मुद्दाम करतो का? आणि मी चार दिवस माहेरी गेले तर मी वाईट बायको का?"

अगं पोरी, दोन्हीचं उत्तर नाही. मुद्दाम करत नाही आणि तू वाईट नाहीस.

आता नीट सांगते. ती माटोळीची गोष्ट वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि जरा वेळ तशीच बसले, कारण मी हे पाहिलंय. आमचे एक काका कुळागरात पोफळीवरून पडले होते, मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. वाचले, पण नंतर विहिरीवर जायचे आणि कळशी खाली सोडून दोर हातात धरून उभे राहायचे, पुढे काय करायचं तेच सुचायचं नाही. आम्ही पोरं हसायचो, मोठी माणसं चिडायची, आणि "वेडा" हे नाव त्यांना पडलं ते मरेपर्यंत गेलं नाही. डोक्याला मार लागला की असं होतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही गं. म्हणून तुला एवढं लांबलचक लिहितेय.

कपाळामागे मेंदूचा जो पुढचा भाग आहे ना, तो आपला मुकादम. आधी काय, मग काय, कुठे थांबायचं, राग आला तरी कुठे गिळायचा, हे सगळं तो बघतो. आणि डोकं आपटलं की बहुतेक वेळा त्यालाच मार बसतो, कारण तिथलं कवटीचं हाड आतून खडबडीत असतं आणि मेंदू त्याच्यावर जाऊन घासतो. माटोळी म्हणजे तर शंभर निर्णय, नारळ कुठे, तवशी कुठे, आंबाडे कुठे, कांगलां कशाच्या बाजूला, पहिली गाठ कुठली. त्याला सगळं माहीत होतं, हातही चालत होते, पण सुरुवात कुठून करायची ते सांगणारा मुकादमच जाग्यावर नव्हता. याला आळस म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला तू धावत का नाहीस विचारण्यासारखं आहे, फक्त पायाला प्लास्टर दिसतं आणि इथे काही दिसत नाही.

घुमटांचंही तसंच. आपल्याला आरतीची घुमटं म्हणजे अंगावर काटा, पण दमलेल्या मेंदूला नको तो आवाज बाजूला सारता येत नाही, घुमट, शामेळ, कासाळें, पोरांचा गलका, बाहेरचे फटाके सगळं एकदम आत घुसतं. तो पुतण्यावर चिडला नव्हता, तो बुडत होता.

तू लिहितेस की सीटी स्कॅन आता नॉर्मल आलाय, मग दुखणं कुठे राहिलं? सीटीत रक्ताची गाठ दिसते, हाड मोडलेलं दिसतं, पण मेंदूच्या आतल्या बारीक तारा ताणून तुटलेल्या असतात त्या बहुतेक वेळा दिसत नाहीत. डिस्चार्जचा कागद काढ आणि त्यावर जीसीएस लिहिलंय का बघ, माणूस किती शुद्धीवर होता ते सांगणारा आकडा, तो 3 ते 15 मध्ये असतो, 8 किंवा कमी म्हणजे मार जबर होता. तो आकडा दिराला दाखव. कधीकधी घरच्यांना माझ्यासारखीचं बोलणं पटत नाही, कागद पटतो.

आणि त्याला स्वतःला काही झालंय असं वाटत नाही म्हणतेस, तर तेही इजेतच येतं गं. स्वतःकडे बघणारा भागच दुखावलाय. त्याच्याशी वाद घालून कबूल करून घ्यायला जाऊ नकोस, दोघंही दमाल.

मग करायचं काय? एक जुनी गोष्ट सांगते. 1848 साली अमेरिकेत रेल्वेचं काम चालू असताना फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. जगला, पण मित्र म्हणायला लागले हा आमचा गेज नव्हे. एवढंच सगळे सांगतात. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, तो नंतर चिली देशात जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता, ठरलेल्या वेळा, ठरलेलं काम. ती ठरलेली घडीच त्याला धरून ठेवत होती असं आता काही अभ्यासकांना वाटतं. तुझ्या घरातही तेच कर. उठणं, आंघोळ, चहा, जेवण, दुपारची झोप रोज त्याच वेळेला. स्वयंपाकघराच्या दारावर एक पांढरा बोर्ड, त्यावर आजचा वार आणि आजची तीनच कामं. मोबाईलला गोळ्यांचा अलार्म. एका वेळी एकच गोष्ट सांग, "बाजारात जा, येताना दूध आण आणि वीजबिल भर" असं एका दमात नको. टीव्ही चालू असताना तर काहीच सांगू नको. पुढच्या चवथीला त्याला एकट्याला माटोळीपुढे उभं करू नका, गेल्या वर्षीचा फोटो समोर ठेवा आणि एकेक वस्तू हातात द्या, बांधू दे त्यालाच. आरतीच्या वेळेला मागच्या खोलीत बसला तर बसू दे, देव रागावत नाही.

सासूबाईंनी देवळात कौल लावला, दिश्ट काढली, त्याला माझी काही हरकत नाही, त्यांचा जीव तुटतोय पोरासाठी. पण कोणीतरी सांगितलं म्हणून फिटची गोळी बंद करायचं चाललंय ते आधी थांबव. सुस्ती येते हे खरं असेल, तर डॉक्टरला सांगून डोस बदलून घे, आपल्या मनाने एकदम बंद केली तर मोठी फिट येऊ शकते. मित्र म्हणतात थोडी उर्राक, काजूची दारू, घेतली तर झोप लागेल, त्यांना घरी बोलावून हात जोडून सांग की आता याला थोडीसुद्धा जास्त होते आणि फिटची भीती वाढते. स्कूटरची चावीही डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या झाल्या, नेहमीपेक्षा जास्त झोपाळला किंवा फिट आली तर वाट बघत बसू नको, 108 ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलाव.

जीएमसीच्या न्यूरोच्या ओपीडीत परत जा आणि नुसती गोळी लिहून घेऊन येऊ नको, स्मरणशक्ती आणि विचार करण्याची तपासणी, ऑक्युपेशनल थेरपी, हे शब्द वापरून विचार. बंगळूरूला निमहान्समध्ये, मेंदू आणि मनाच्या आजारांच्या मोठ्या सरकारी इस्पितळात, न्यूरो रिहॅबिलिटेशनचा वेगळा विभागच आहे, जमलं तर एकदा जाऊन या. चिडचिड आणि उदासीसाठी आयपीएचबीत, म्हणजे बांबोळीच्याच मनोरुग्णालयात, जायला सांगितलं तर "वेड्यांचं इस्पितळ" म्हणून मागे फिरू नका, आमच्या काकांना कोणी तिथे नेलं असतं तर, असं मला अजून वाटतं. सुधारणा पहिल्या वर्ष-दोन वर्षांत जास्त होते, पण नंतर दार बंद होत नाही, हळूहळू चालूच राहते.

नोकरीचं. साहेब व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घे म्हणतायत असं लिहिलंयस. सही करू देऊ नको त्याला! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, आणि जागा नसेल तर त्याच्यासाठी जादा पद ठेवायचं. त्यासाठी अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागेल, यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज कर. त्या कायद्याच्या 21 प्रकारांत डोक्याची इजा असं वेगळं नाव नाही, म्हणून तिच्यामुळे चालण्यात, बोलण्यात किंवा मनावर जे परिणाम झालेत ते डॉक्टरांकडून नीट लिहून घे. एका वकिलाला कागद दाखव.

आता तू. पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की "रात्री तो झोपला की मी त्याचा जुना व्हॉइस मेसेज ऐकते." ते वाचून रडू आलं मला. माणूस समोर बसलेला असताना त्याच्यासाठी रडणं हे कोणाला सांगता येत नाही, कारण सांत्वनाला कोणी येत नाही, उलट म्हणतात वाचला ना, नशीब समज. रड गं. ज्याच्याशी लग्न केलंस त्यातलं थोडं गेलंय आणि त्याचं दुःख होणारच, त्याने आत्ताच्या त्याच्यावरची माया कमी होत नाही. बोलायला कोणी नसेल तर 14416 ला फोन कर, टेली मानसचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात. त्याने ताट भिरकावलं पण हात उगारला नाही म्हणतेस. उगारला तर तुझ्या लेकीला घेऊन आधी घराबाहेर पड, 112 किंवा बायकांसाठीचा 181 लाव, इजा झालीय म्हणून मार खायचा असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि माहेरी जाच. दिवाळीच्या आधी नको, नरकासुराच्या रात्री गावभर स्पीकर लागतात तेव्हा तो गोंधळेल, त्या रात्री त्याला वाड्यापासून लांब एखाद्या नातेवाइकाकडे घेऊन जा. भाऊबीजेनंतर चार दिवस जा. नाटकं करतो म्हणणाऱ्या दिरालाच ते चार दिवस घरी राहायला सांग, गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटव, बोर्ड दाखव, आणि दोन रात्री तरी फोन बंद करून आईजवळ झोप.