शेवटची दोन पानं तिलाच लिहू द्या

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणितात हुशार आहे, पण शाळा मातृभाषेतून झाल्यामुळे इंग्रजी लेखन कच्चं आहे. एका कारखान्यातल्या कॉम्प्रेस्ड एअरच्या (दाबलेल्या हवेच्या) यंत्रणेवर तिने प्रकल्प केला आणि इंग्रजीत अहवाल लिहिला. त्यातली ‘कन्क्लुजन्स’ आणि ‘रेकमेंडेशन्स’ ही शेवटची दोन पानं मला फारच पोरकट वाटली. मी नोकरीत वर्षानुवर्षं इंग्रजी पत्रव्यवहार करतो, म्हणून ती पानं मीच नव्याने लिहून दिली. मार्गदर्शक प्राध्यापकांनी ‘निष्कर्ष मोजमापांतून निघत नाहीत’ असा शेरा मारून अहवाल परत केला. तेव्हापासून ती घरात फारसं बोलत नाही. तिला एनर्जी ऑडिटच्या, म्हणजे ऊर्जेचा वापर तपासण्याच्या, क्षेत्रात जायचं आहे, पण तिथे अहवाल लिहिणं हेच मुख्य काम. त्यापेक्षा तिने सॉफ्टवेअरकडे वळावं असं मला वाटतं, तिथे लिहावं लागत नाही. तोवर रिपोर्ट रायटिंगचा चांगला क्लास सुचवावा. दोन्ही मसुदे सोबत जोडले आहेत. – एक वडील

उत्तर : नमस्कार. दोन्ही मसुदे जोडलेत हे फार बरं केलंत. नुसतं पत्र आलं असतं, तर मीही कदाचित एखादा क्लास सुचवून मोकळा झालो असतो. मसुदे वाचल्यावर मात्र माझं मत उलटं झालं आहे, आणि ते तुम्हाला स्पष्टच सांगतो. तुमच्या मुलीने लिहिलेली दोन पानं चांगली आहेत. तुम्ही लिहिलेली नाहीत. प्राध्यापकांचा शेरा तुमच्या पानांवर आहे, आणि तो योग्य आहे.

तिने काय केलं ते आधी बघा. कारखाना बंद असतानाच्या सुट्टीच्या दिवशी ती कॉम्प्रेसरजवळ घड्याळ लावून बसली. कुठलंही यंत्र हवा वापरत नसताना कॉम्प्रेसरने एकदा दाब गाठला की त्याला पुन्हा लोड घ्यायचं, म्हणजे हवा दाबायला लागायचं, कारणच उरत नाही. तरी तो घेत असेल, तर हवा गळते आहे. तिच्या नोंदीप्रमाणे प्रत्येक फेरीत तो ३ मिनिटं लोडवर आणि ७ मिनिटं अनलोड, म्हणजे हवा न दाबता, होता. म्हणजे त्याच्या क्षमतेची ३० टक्के हवा नुसतीच बाहेर जात होती. गळती मोजायची ही रूढ पद्धत आहे आणि तिने ती नेटकी वापरली आहे. मग तिने गळतीच्या जागा शोधल्या आणि शेवटी लिहिलं : सुट्टीच्या दिवशीही कॉम्प्रेसर लोड घेतो, म्हणून गळती आहे. पॅकिंग विभागाची लाइन त्या दिवशी व्हॉल्व्हने बंद होती, तिथली गळती यात धरलेली नाही. आधी सांधे दुरुस्त करा, पुन्हा मोजा, आणि मगच दुसरा कॉम्प्रेसर घ्यायचा की नाही ते ठरवा.

इंग्रजी अडखळतं आहे हे खरं. क्रियापदं चुकली आहेत, दोन वाक्यं अर्धवट आहेत. पण कारखान्याच्या व्यवस्थापकाने हे पान वाचलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं ते त्याला कळेल.

आता तुमचं पान. सुरुवात ‘इन द लाइट ऑफ द फोरगोइंग’ अशी आहे. त्यानंतर उद्योगात कॉम्प्रेस्ड एअरचं महत्त्व किती आहे यावर एक परिच्छेद, ऊर्जाबचत काळाची गरज असल्यावर दुसरा, आणि शिफारस एवढीच की योग्य ती पावलं लवकरात लवकर उचलावीत आणि कर्मचाऱ्यांमध्ये जागरूकता निर्माण करावी. यात ३० टक्के कुठे गेले? दुसऱ्या कॉम्प्रेसरचा प्रश्न कुठे गेला? हे पान कुठल्याही कारखान्याच्या कुठल्याही अहवालाला जोडता येईल, आणि म्हणूनच ते या अहवालाचं नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. पॅकिंग विभागाबद्दलचं तिचं वाक्य तुम्ही खोडलंत आणि समासात लिहिलंत, ‘उणीव कशाला दाखवायची?’ त्या वाक्यामुळे वाचणाऱ्याला कळतं की ३० टक्के हा आकडा किती भागाला लागू आहे आणि खरी गळती याहून जास्तही असू शकते. आपण काय मोजलं नाही हे सांगणारा अहवालच विश्वासार्ह ठरतो. तिला हे कुणी न शिकवता सुचलं होतं. ते पुसायला आपण तिला शिकवू नये.

निष्कर्ष आणि शिफारस यांचं नातं तुटलं की काय होतं, याचं एक उदाहरण जगभर शिकवलं जातं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर अंतराळयानाच्या बूस्टर रॉकेटचे उत्पादक आणि नासा यांच्यात दूरध्वनीवरून बैठक झाली. थंडीत रॉकेटच्या सांध्यांमधल्या रबरी कड्या नीट काम करतील याची उत्पादक कंपनीच्या अभियंत्यांना खात्री नव्हती. कड्यांचं तापमान ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर उड्डाण करू नये, अशी त्यांची लेखी शिफारस होती. नासाकडून आक्षेप आले, कंपनीच्या वरिष्ठांनी आपसात चर्चा केली आणि नवा एक पानी कागद फॅक्सने पाठवला. आधीच्या सर्वांत थंड उड्डाणापेक्षा या वेळी कड्या २० अंशांनी थंड असतील, हे त्या कागदावर लिहिलेलं होतं. तापमानाची आकडेवारी निर्णायक नाही, हेही होतं. आणि त्याच कागदाच्या तळाशी शिफारस होती, उड्डाण करावं. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झालं आणि ७ अंतराळवीर गेले. त्या कागदाच्या इंग्रजीत काही खोट नव्हती. वरची ओळ एकीकडे जात होती आणि खालची दुसरीकडे, एवढंच. प्राध्यापकांनी तुमच्या पानावर मारलेला शेरा याच जातीचा आहे.

त्या अपघाताच्या चौकशी आयोगाचा अहवालही बघण्यासारखा आहे. त्यात ९ शिफारशी आहेत आणि पहिलीच सांध्याची रचना बदलण्याबद्दल आहे. शिवाय नासाच्या प्रमुखांनी एका वर्षाने प्रगतीचा अहवाल राष्ट्राध्यक्षांना द्यावा, असंही आयोगाने लिहिलं. काय करायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत आणि कुणाला जाब द्यायचा, हे सगळं त्यात आहे. विमान अपघातांच्या चौकशीसाठी जो आंतरराष्ट्रीय नमुना आहे, त्यात तथ्यं, विश्लेषण, निष्कर्ष आणि सुरक्षेच्या शिफारशी असे चार भाग वेगळे ठेवतात, आणि शिफारस ज्या संस्थेला उद्देशून आहे तिचं नाव तिथे असतं.

तुमच्या पत्रात एक समज ठाण मांडून बसला आहे आणि तो फक्त तुमचाच नाही. औपचारिक इंग्रजी म्हणजे जड इंग्रजी, असं बहुतेकांना वाटतं. लांब वाक्यं, लॅटिन वळणाचे शब्द, कर्ता गायब केलेली कर्मणी रचना. पत्रव्यवहारात, विशेषतः जिथे कुणावर जबाबदारी टाकायची नसते तिथे, ही सवय लागते आणि मग तीच भाषेची प्रतिष्ठा वाटू लागते. अहवालातली औपचारिकता याहून खूप साधी असते. ‘डोन्ट’ ऐवजी ‘डू नॉट’ लिहायचं, ‘अ लॉट ऑफ’ ऐवजी आकडा द्यायचा, उद्गारचिन्ह नको, ‘आय थिंक’ नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जेवढी खात्री आहे तेवढंच ठाम लिहायचं. मोजून सिद्ध झालं असेल तर ‘द रिझल्ट्स शो’, तसा कल दिसत असेल तर ‘द रिझल्ट्स सजेस्ट’, शक्यता असेल तर ‘मे’. भारदस्तपणा खात्रीच्या या पायऱ्या सांभाळण्यातून येतो. ‘स्टेप्स शुड बी टेकन’ हे वाक्य कानाला कितीही रुबाबदार वाटलं, तरी पावलं कुणी उचलायची ते त्यात नाही, आणि मग ती कुणीच उचलत नाही.

इथून पुढचं तिला वाचायला द्या.

तू लिहिलेला आशय तसाच ठेव, इंग्रजी दुरुस्त कर. आधी दोन पानं खरोखर वेगळी कर, कारण तुझ्या मसुद्यात ‘सांधे दुरुस्त करा’ हे वाक्य निष्कर्षांतच शिरलं आहे. जे आढळलं त्याचा अर्थ काय, हे निष्कर्षात येतं. आता काय करायचं, हे शिफारशीत. निष्कर्षात नवीन मोजमाप आणायचं नाही. गळतीच्या जागांचा तपशील आधीच्या प्रकरणात हलव. काय केलं ते भूतकाळात लिही, त्याचा अर्थ वर्तमानकाळात : ‘लोडिंग टाइम वॉज मेजर्ड’, पण ‘द सिस्टिम लूजेस’.

मग शिफारशींना क्रमांक दे आणि प्रत्येकीसमोर, ती कुठल्या निष्कर्षावर उभी आहे, त्याचा क्रमांक लिही. तसा क्रमांक सापडला नाही, तर ती शिफारस काढून टाक, ती कितीही शहाणपणाची असली तरी. उलट एखाद्या निष्कर्षातून कुठलीच शिफारस निघत नसेल, तर घाबरू नको. सगळ्याच निष्कर्षांवर उपाय नसतो. सर्वांत तातडीची शिफारस वर ठेव.

व्याकरणात तुझी एक चूक सारखी दिसते. तू ‘वी रेकमेंड टू रिपेअर’ लिहितेस. इंग्रजीत तसं होत नाही. ‘वी रेकमेंड रिपेअरिंग द जॉइंट्स’ म्हण, किंवा ‘इट इज रेकमेंडेड दॅट द जॉइंट्स बी रिपेअर्ड’. या दुसऱ्या रचनेत ‘आर’ न येता ‘बी’ येतो, ते नजरेला विचित्र वाटलं तरी बरोबर आहे. ‘सजेस्ट’लाही हाच नियम. तरी तुझ्या अहवालाला सर्वांत चांगलं वाक्य आणखी सोपं आहे : ‘द मेंटेनन्स डिपार्टमेंट शुड रिपेअर द लीकिंग जॉइंट्स अँड रिपीट द टेस्ट बिफोर अ सेकंड कॉम्प्रेसर इज पर्चेस्ड’. यात कर्ता आहे, काम आहे, क्रम आहे. मुदत मात्र देखभाल विभागाशी बोलून घाल, मनाने ठोकू नको.

पॅकिंग विभागाचं वाक्य परत आण. ते निष्कर्षात ३० टक्क्यांच्या लगेच नंतर येऊ दे.

पुन्हा तुमच्याकडे वळतो. सॉफ्टवेअरमध्ये लिहावं लागत नाही, हे खरं नाही. तिथे एखादी सेवा बंद पडली की काय बिघडलं, का बिघडलं आणि पुन्हा बिघडू नये म्हणून कुणी काय करायचं, याचा लेखी अहवाल मागतात. म्हणजे पुन्हा निष्कर्ष आणि शिफारशीच. लेखन चुकवायचं म्हणून क्षेत्र बदलायचं असेल, तर जिथे निर्णय दुसरे घेतात अशाच जागा उरतात. तिच्यासाठी तुम्हाला ते हवं आहे असं मला वाटत नाही. तिच्या पानांवरून माझं मत असं आहे की एनर्जी ऑडिट तिला जमेलच, आणि सुरक्षा तपासणी किंवा गुणवत्ता ऑडिटही जमेल. स्वतः मोजायला बसणारी, मोजमापाची मर्यादा आपणहून सांगणारी आणि ‘आत्ता खरेदी करू नका’ असं लिहायला न कचरणारी माणसं या कामांना हवी असतात. क्रियापदं काही महिन्यांत सुधारतात.

क्लासचं म्हणाल तर घाई नको. पुढे परदेशी शिकायला जायचं ठरलं, तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करावी लागेल. पण त्याच्या अॅकॅडमिक प्रकारातल्या पहिल्या लेखनकार्यात फक्त माहितीचा गोषवारा लिहायचा असतो, शिफारशी नकोच असतात, तेव्हा त्या तयारीने हा प्रश्न सुटणार नाही. केंब्रिजच्या बीटू फर्स्ट किंवा सीवन अॅडव्हान्स्ड परीक्षेत अहवाल हा एक पर्याय असतो, त्याचे नमुने सरावाला उपयोगी पडतील. त्याहून जास्त उपयोग होईल तो विमान अपघातांचे प्रसिद्ध झालेले चौकशी अहवाल वाचण्याचा. नुसती शेवटची दोन प्रकरणं वाचली तरी चालेल, एकेक शिफारस घेऊन मागे कुठल्या निष्कर्षापाशी पोहोचते ते शोधत.

तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मुलीचा अहवाल परत येऊ नये म्हणून तुम्ही रात्री बसून पानं लिहिलीत. पण परीक्षक तोंडी परीक्षेत तिला विचारणार, ‘ही शिफारस का?’ तुमच्या वाक्यांचा बचाव तिला करता येणार नाही. तिच्या स्वतःच्या वाक्यांचा ती तासभर करेल, कारण त्या कॉम्प्रेसरसमोर ती बसली होती. शिवाय तिच्या नावावर गेलेलं काम तिचं असलं पाहिजे, ही साधी गोष्ट आहे आणि तिला ती बोचत असणार. नव्या मसुद्याचं इंग्रजी तुम्ही तपासायला हरकत नाही, पण पेन्सिलने फक्त खूण करा, वाक्य तिलाच बदलू द्या. आशयाला हात लावू नका.

प्राध्यापकांकडे तिने स्वतः जावं, नोंदींची वही आणि आपला पहिला मसुदा घेऊन. ती दोन पानं आपली नव्हती, हेही तिने सांगावं आणि दुरुस्तीसाठी मुदत मागावी. मात्र त्याआधी तुम्ही तिच्याशी बोला आणि ‘बाबांनी लिहिली होती, असं खुशाल सांग’ असं तिला आपणहून म्हणा. अहवाल परत आल्याच्या दुःखापेक्षा, तुमचं नाव सांगावं लागेल या धास्तीने ती गप्प आहे, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.