बस बंद पडते तेव्हा राग कुणाचा यायला हवा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बसचा संप झाला की शेअर रिक्षाचे पैसे तुमचे जातात, ऑफिसात लेट मार्क तुम्हाला लागतो आणि तुमचा स्वतःचा पगार तीन वर्षं जागचा हललेला नाही. मग ड्रायव्हरच्या संपाला तुम्ही पाठिंबा का द्यायचा? आणि संपाने कधी कुणाचा पगार वाढलाय का?

भांडुपच्या एका कारखान्यात युनियनचं काम करताना मी वेतनकराराच्या वाटाघाटींना बरीच वर्षं बसलोय. माझा भाचा मुंबईतल्या एका आगारातून कंत्राटदाराची बस चालवतो. त्या अनुभवावर हे लिहितोय.

आधी दुसरा प्रश्न घेतो. संपाने पगार वाढतो, पण मागितलेलं सगळं मिळत नाही. एसटीचं बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये विलीनीकरणासाठी, म्हणजे एसटी राज्य सरकारात विलीन करा या मागणीसाठी, काम बंद झालं. नोव्हेंबरमध्ये सरकारने मूळ पगारात सेवेच्या वर्षांप्रमाणे अडीच, चार आणि पाच हजारांची वाढ जाहीर केली. तरी बरेच कामगार विलीनीकरणावर ठाम राहिले. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये हायकोर्टाने कामावर परतायची मुदत घातली तेव्हा लोक परतले, विलीनीकरण न होताच. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये ऐन गणपतीच्या तोंडावर पुन्हा संप झाला, तो दोन दिवसांत मिटला आणि साडेसहा हजारांची वाढ मिळाली. एका संपाने कामगारांना महिनोन् महिने झुलवलं, दुसरा दोन दिवसांत निकाली निघाला. माझ्या मते फरक मागणीत होता. रकमेवर तडजोड होऊ शकते. 'आम्हाला सरकारी करा' यावर अधली मधली वाटच नसते.

बेस्टचा, म्हणजे मुंबईच्या लाल बसचा, जानेवारी २०१९ चा संप तुम्हाला आठवत असेल. ८ तारखेला बस थांबल्या त्या नऊ दिवस. बेस्टच्या इतिहासातला तो सगळ्यात लांबलेला संप. मुख्य मागणी होती बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करण्याची. हायकोर्टाने मध्यस्थ नेमला, हंगामी वेतनवाढ मिळाली आणि संप मिटला. विलीनीकरण मात्र तेव्हा लटकलं ते लटकलंच.

त्याच वर्षी जुलैमध्ये किमान भाडं आठवरून पाच रुपयांवर आलं. महापालिकेने पैसे दिले, प्रवासी वाढले, आपण सगळे खूश झालो. पण त्या पैशाबरोबर एक अट आली होती, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही : यापुढे बस भाड्याने घ्यायच्या. बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, देखभाल त्याची, आणि बेस्ट त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देणार. स्वतःच्या ३,३३७ बस कायम ठेवायचा करार युनियनबरोबर झाला होता. आज बेस्टच्या मालकीच्या बस काही शेकड्यांवर आल्यात.

सगळी मेख या किलोमीटरच्या दरात आहे. टेंडरमध्ये ज्याचा दर कमी, त्याला काम. आता बसची किंमत बाजार ठरवतो, कर्जाचा हप्ता बँक ठरवते, टायर आणि सुटे भाग कुणी स्वस्तात देत नाही. हात आखडायला एकच जागा उरते : ड्रायव्हरचा पगार. त्यातूनही परवडलं नाही तर कंत्राटदार मध्येच काम सोडून जातो. असे गेलेही आहेत. त्या दिवशी तुमच्या स्टॉपवर बस येत नाही आणि तिथे संपाची पाटीही नसते.

भाच्याची पगाराची स्लिप आत्ता माझ्यासमोर आहे. बेसिक आहे, घरभाडं आहे, पीएफ कापलेला आहे. महागाई भत्त्याची ओळच नाही. त्याच आगारातल्या कायम ड्रायव्हरच्या स्लिपवर ती असते, आणि महागाईचा निर्देशांक चढला की ती रक्कमही सरकते. पुरेशी नसेल, उशिराने सरकत असेल, पण सरकते. भाच्याच्या घरी तेल, गॅस, मुलीच्या शाळेची फी हे सगळं चढतंय आणि स्लिप तशीच छापून येते. तो ठाण्याच्या पुढे दिवा स्टेशनजवळ राहतो. पहिल्या लोकलच्या आधीची पाळी लागली की आदल्या रात्री आगारातच आडवा होतो. सकाळी भाचा आणि तो कायम ड्रायव्हर, दोघंही लाल बसच घेऊन त्याच रस्त्यांवर निघतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये घाटकोपर आणि मुलुंडहून जो संप पेटला तो याच ड्रायव्हरांचा होता. मागणी साधी होती : समान कामाला समान वेतन. कित्येक आगारं थंडावली. मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनानंतर तो मिटला. पण आश्वासन सरकारने दिलं आणि स्लिप कंत्राटदार छापतो. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला सही करायचा अधिकार नसेल तर कितीही दिवस बस उभ्या ठेवा, हाती कागद लागत नाही. समान वेतनाचा जो निकाल सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये दिला, तो सरकारच्या हंगामी कर्मचाऱ्यांबाबत होता. कंत्राटदाराच्या माणसाला तो आपोआप लागू होत नाही, त्याला वेगळं भांडावं लागतं.

आता तुमच्या खिशाचं बघू. ९ मे २०२५ पासून किमान भाडं पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस अशा येऊन-जाऊन चार साध्या बस धरल्या तर दिवसाचे वीसचे चाळीस झाले. पंचवीस दिवसांचे पाचशेचे हजार. ही वाढ कुठल्या संपाने आणली नाही. आणि ती झाली तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, कारभार प्रशासकाकडे होता. एवढी मोठी भाडेवाढ, आणि सभागृहात उठून प्रश्न विचारायला आपलं कुणी नाही, याचा मला आजही संताप येतो.

पैसेच नाहीत, हे मला पटत नाही. २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. त्यात बेस्टला एक हजार कोटी. रस्ते, पूल, बोगद्यांना पैसा दिला की ती गुंतवणूक, आणि बसला दिला की तोटा? बेस्ट वीजही पुरवते, आणि पूर्वी त्या विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून निघायची. ती वाट बंद झाल्यावर दुसरी सोय करणं पालिकेचं काम होतं. लोकलचा पास स्वस्त आहे हे खरं, पण लोकल तुमच्या चाळीच्या तोंडाशी येत नाही. रिक्षात पाय ठेवला की सव्वीस रुपये.

तेव्हा पाठिंबा द्या असा आग्रह मी धरणार नाही. हाल तुमचे होतात, राग येणारच. फक्त तो ड्रायव्हरवर काढू नका. तुमचा पगार ज्या कारणाने अडलाय, त्याचाही त्याच कारणाने अडलाय : महागाईशी पगार जोडणारा कागदच तुम्हा दोघांकडे नाही.

तुमच्या पगाराबद्दल एक करा. राज्यात किमान वेतनावर विशेष भत्ता असतो आणि तो दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. तुमचं काम ज्या वर्गात मोडतं त्याचा आजचा आकडा कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून मिळवा आणि आपल्या स्लिपशी ताडून बघा. तीन वर्षं पगार हलला नसेल तर तो किमान वेतनाच्याही खाली गेलेला असू शकतो. तसं निघालं तर एकट्याने साहेबांच्या केबिनमध्ये जाऊ नका. चारपाच जणींच्या सह्यांचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

बसबद्दल, आता नगरसेवक आहेत तर, तुमच्या नगरसेवकाला लेखी विचारा : आमच्या मार्गावरची बस कुठल्या कंत्राटात आहे, त्यात किलोमीटरला दर किती, आणि ड्रायव्हरचा पगार महागाईप्रमाणे वाढवण्याचं कलम त्यात आहे का? उत्तर आलं नाही तर हेच तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात टाका. अर्जाचा मसुदा लागला तर सांगा, मी लिहून देतो.