शिवडीला जाण्याआधी तिथी बघा

प्रश्न : पैठणच्या नाथसागरावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहिले, पण फार लांबून. फेब्रुवारीत दोन दिवस मुंबईत काम आहे. शिवडीला ते जवळून दिसतात म्हणे. गाडी नाही; लोकलने जमेल का? पहाटे किती वाजता पोचावे?
– एक वाचक, जालना

उत्तर : लोकलने आरामात जमेल. पहाटेचा हिशेब मात्र पैठणलाच ठेवून या. शिवडीची खाडी दिवसातून दोनदा भरते, दोनदा ओसरते. पुरत्या ओहोटीला पक्षी पाण्याच्या कडेने पार आत सरकतात आणि दुर्बिणीतून नुसती गुलाबी रेघ दिसते. ऐन भरतीला चिखलच बुडतो, मग ते उडून दुसरीकडे जातात. कामाचे ते भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन तास.

ही वेळ काढायला घरचे पंचांग पुरते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी ३ ला भरती आणि रात्रीही साधारण तेव्हाच. वद्य पक्षात पुन्हा १ पासून मोजा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढी सूट धरा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही आणि पक्षी काठाकडे रेटले जात नाहीत.

शिवडीचा धक्का पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन डोळ्यांवर येते आणि गुलाबी पक्षी काळे दिसतात. म्हणून द्वितीया ते चतुर्थी उत्तम : दुपारी भरती, ४ च्या सुमारास काठालगतचा चिखल उघडा पडू लागतो, ऊन पाठीशी. तुमच्या वाट्याला एकादशी आली तर सकाळी साडेदहाला जा. ऊन सोसावे लागेल, पक्षी तरी जवळ असतील.

गाडीतून दादरला उतरू नका, तिथे हार्बर लाइन नाही. थेट सीएसएमटीला या. १ आणि २ नंबरच्या फलाटावरून सुटणारी पनवेल, वाशी, गोरेगाव यांपैकी कोणतीही हार्बर लोकल चालते; फाटा वडाळ्याला आहे, शिवडी त्याच्या अलीकडे. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी बघा, नाहीतर तिथी साधूनही दिवस वाया. स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून पंधरा-वीस मिनिटे चालायचे. या भागात रिक्षा नसतात, टॅक्सीच. रस्त्यावर ट्रक फार, कडेने चाला.

दुर्बीण ८ बाय ४२ ची आणा. १० बाय ५० हातात थरथरते. आधी चोच बघा : फिकट गुलाबी आणि टोकाला काळी तो मोठा रोहित, सगळीच गडद, दुरून काळपट वाटणारी तो लहान. शिवडीला लहानांचेच थवे जास्त. फोटोसाठी चिखलात उतरू नका. वरून घट्ट दिसतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो.