मेडिकलची मुलाखत : नीतीच्या प्रश्नाला उत्तर कसं द्यावं?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये असतो. मुलीने इथल्या मेडिकल कॉलेजांसाठी अर्ज केलाय. मुलाखतीत नीतीचे प्रश्न असतात, म्हणून स्वायत्तता, हित, अपाय न करणं आणि न्याय ही चार तत्त्वं तिने पाठ केली आहेत. पण ‘पंधरा वर्षांची मुलगी आईला न कळवता गर्भनिरोधक गोळ्या मागते, डॉक्टर म्हणून काय कराल?’ असं विचारलं की ती अडखळते. तयारी कशी करावी?

उत्तर : तत्त्वं मनात असू द्यावीत, उत्तराची सुरुवात मात्र पेशंटपासून करावी. या प्रश्नात तुमच्या मुलीने सर्वांत आधी विचारायचं ते असं : जोडीदाराचं वय काय? जबरदस्ती, धमकी किंवा पैशांचा संबंध आहे का? घरी सांगायला ती का घाबरते? एवढं विचारल्याशिवाय ‘देईन’ किंवा ‘देणार नाही’ म्हणणं घाईचं ठरतं.

पुढे कायदा. इंग्लंडमधल्या १९८५च्या गिलिक खटल्यातल्या निकालानुसार सोळाच्या आतली मुलगी उपचार नीट समजून घेऊ शकत असेल, तर तिची स्वतःची संमती चालते. याच निकालातले फ्रेझर निकष गर्भनिरोधनाबद्दल आहेत : सल्ला तिला कळतो, समजावूनही ती पालकांना सांगायला तयार नाही, गोळ्या नाही दिल्या तरी संबंध सुरूच राहण्याची शक्यता आहे, न दिल्यास तिच्या तब्येतीला किंवा मनाला त्रास होईल, आणि देण्यातच तिचं हित आहे. हे जुळत असेल तर गोळ्या द्याव्यात, गुप्तता पाळावी, आणि आईशी बोलायला तिला धीरही द्यावा. ‘मी आईला फोन करीन’ हे आपल्या घरांतून सहज येणारं उत्तर इथे महागात पडतं. अशा फोनची धास्ती असेल तर पुढच्या वेळी ती मुलगी दवाखान्यात यायचीच नाही.

भारतातल्या नातेवाईक डॉक्टरांकडून तयारी करून घेत असाल तर एक सांभाळा. भारतात पॉक्सो कायद्याने (२०१२) शरीरसंबंधांच्या संमतीसाठी वयाची रेषा अठरा आहे आणि त्याआतल्या संबंधांची माहिती पोलिसांना कळवावीच लागते. इंग्लंडात हे वय सोळा आहे. भारतातलं उत्तर इंग्लंडात देऊ नये.

दोन्ही बाजू मांडून गप्प बसणं, ही सर्रास दिसणारी चूक. शेवटी ‘म्हणून मी अमुक करीन’ हे वाक्य यायलाच हवं. खात्री नसेल तर वरिष्ठांना विचारीन म्हणावं, पण काय विचारीन तेही सांगावं.

छोट्या छोट्या टप्प्यांच्या मुलाखतीत, म्हणजे एमएमआयमध्ये, एका टप्प्याला काही मिनिटंच मिळतात. घरी घड्याळ लावून दोन मिनिटं बोलायला लावा आणि मग एक तपशील बदला : मुलगी बारा वर्षांची असेल तर? तेराच्या आत शरीरसंबंधांना कायद्याने संमती मानलीच जात नाही. तिथे गुप्ततेचं वचन देता येत नाही, बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या डॉक्टरांना लगेच कळवावं लागतं, आणि तसं त्या मुलीलाही आधी सांगावं.