जॅझच्या छोट्या ग्रुपमध्ये सगळेच एकदम मनाला येईल ते वाजवतात, वर चार ठिकाणचं संगीत मिसळतात, तरी गोंधळ कसा होत नाही? हे सगळं आधी ठरलेलं असतं का?

थोडं ठरलेलं असतं, बरंचसं नसतं. आणि गोंधळ होत नाही असं कोण म्हणालं, भरपूर होतो, फक्त तो रिहर्सलमध्ये होऊन गेलेला असतो म्हणून तुमच्या कानावर येत नाही.

मी काही मोठा वादक नाही, हौशी चौघांचा ग्रुप आहे आमचा, क्लॅरिनेट, बास, ड्रम्स आणि मी गिटारवर. पहिल्यांदा आम्ही ठरवलं की आज कॉर्ड नाही, ट्यून नाही, सगळ्यांनी एकदम सुटायचं. अर्धा तास वाजवलं आणि काय सांगू, स्वर्ग! दुसऱ्या दिवशी फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं तर कान किटले, चौघं जण चार वेगळ्या खोल्यांत बसून वाजवतायत असं वाटत होतं, आणि त्यात सगळ्यात वाईट म्हणजे मी, त्या अर्ध्या तासात एकदाही थांबलो नव्हतो. म्हणजे मी स्वतःशिवाय कुणाला ऐकलंच नव्हतं. गाण्यात आपण 'काय जागा घेतली!' अशी दाद देतो ना, इथे निम्मं काम जागा सोडण्याचं आहे, हे मला तेव्हा कळलं.

तर गोंधळ टळतो कसा. सगळ्यात जुना उपाय न्यू ऑर्लिन्सवाल्यांचा, म्हणजे अमेरिकेतल्या ज्या शहरात जॅझ जन्मला तिथल्या वादकांचा. तिथे सुरुवातीच्या जॅझमध्ये एकट्याचा लांब सोलो हा प्रकार फारसा नव्हताच, सगळे मिळूनच इम्प्रोवाइज करायचे, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचे, पण प्रत्येकाचं घर ठरलेलं. कॉर्नेट (ट्रम्पेटचा छोटा भाऊ) मधल्या सप्तकात मूळ ट्यून धरून चालणार, क्लॅरिनेट तिच्या वरून वेलीसारखी फिरणार, ट्रॉम्बोन खालून सूर घसरवत आधार देणार. स्वर कुठले हे मोकळं, पण वावरायची पट्टी, म्हणजे किती वरच्या-खालच्या स्वरांत फिरायचं ते, ठरलेली. दोन वाद्यं एकाच पट्टीत घुसली की एकमेकांना झाकून टाकतात, आमच्या रेकॉर्डिंगमध्ये माझी गिटार आणि क्लॅरिनेट नेमकं हेच करत होते.

आणि 'आधी ठरलेलं असतं का' याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये आहे. 1923 च्या आसपास या बँडमध्ये दोन कॉर्नेट होते, एक स्वतः ऑलिव्हर आणि दुसरा तरुण लुई आर्मस्ट्राँग. ताल थांबून मधे छोटी मोकळी जागा यायची तिथे दोघं एकदम एकमेकांना जुळणारे स्वर वाजवायचे, आणि समोर बसलेले इतर वादक चक्रावून जायचे की याला कळलं कसं! पुढे आर्मस्ट्राँगनेच सांगितलं की बाकीचे वाजवत असताना ऑलिव्हर त्याच्याकडे झुकून आपल्या कॉर्नेटच्या कळा दाबून दाखवायचा, पुढे काय येतंय ते. म्हणजे ठरलं कधी, तर चार-दोन सेकंद आधी. बस, एवढंच ठरलेलं. (पुढे याच आर्मस्ट्राँगच्या सोलोंनी लोकांना असं वेड लावलं की सगळ्यांनी मिळून इम्प्रोवाइज करायची पद्धत बरीच मागे पडली, हाही एक विनोदच.)

ती पद्धत पुन्हा जोरात वर आणली सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनने. 21 डिसेंबर 1960 ला त्याने स्वतःसह आठ जणांना बसवून 'फ्री जॅझ' नावाचं साधारण 37 मिनिटांचं एकच रेकॉर्डिंग केलं, दोन चौकड्या, एक डाव्या स्पीकरमध्ये, एक उजव्या. डावीकडे तो स्वतः, डॉन चेरी, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर बिली हिगिन्स, उजवीकडे एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन आणि एड ब्लॅकवेल. लोकांना वाटतं हा निव्वळ धिंगाणा आहे, पण नीट ऐका, प्रत्येकाची पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी मिळून वाजवायचा एक छोटा रचलेला तुकडा येतो, तोच मैलाचा दगड. हेडफोन लावून एका वेळी एकच कान ऐकून बघा, अर्धी गर्दी तिथेच पांगते. आणि उजव्या कानात डॉल्फी बास क्लॅरिनेट घेऊन खालच्या पट्टीत वावरतो तेही ऐका, म्हणजे पुन्हा तेच, घर वेगळं.

पण खरं सांगायचं तर आठ जण मला जास्तच वाटतात. साधा हिशोब करा, चौघांत एकमेकांकडे लक्ष ठेवायच्या जोड्या होतात 6, पाच जणांत 10 आणि आठ जणांत 28. एवढं कोण ऐकणार? म्हणून मोठ्या ग्रुपमध्ये खुणा लागतात, जॉन झॉर्नने 1984 मध्ये कार्ड दाखवून चालवायचा खेळच बनवला, आणि बुच मॉरिस 1985 पासून हाताच्या खुणांनी अख्खा ताफा जागच्या जागी वळवायचा. छोट्या ग्रुपला नुसती नजर पुरते. आमच्यात क्लॅरिनेटवाल्याने वाद्य किंचित वर उचललं की संपवायचं असं आहे, एकदा त्याने नुसती मान मोकळी करायला उचललं आणि आम्ही तिघं गपकन थांबलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाकून नमस्कार केला.

आता तुमचा दुसरा भाग, चार ठिकाणचं संगीत मिसळण्याचा. यात माझं मत जरा कडक आहे. पाच मिनिटं सांबा, पाच मिनिटं ब्लूज, मग कुणीतरी तबला आणायचा, हे मिसळणं नाही, हे कपडे बदलणं झालं. आम्हीही ते केलंय, ऐकवत नाही. मिसळतं तेव्हा, जेव्हा वाजवणाऱ्याच्या हातात ती शैली मुरलेली असते आणि तिला तो आणायला जात नाही, ती आपोआप येते. कोडोना नावाचं त्रिकूट होतं, कॉलिन वॉलकॉट, डॉन चेरी (वर आला तोच) आणि ब्राझीलचा नाना वास्कोन्सेलोस, तिघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून को-डो-ना. वॉलकॉट सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखांकडे शिकलेला, नानाचं बेरिंबाउ म्हणजे धनुष्याला एक तार आणि एक भोपळा, आणि चेरी ट्रम्पेटबरोबर पश्चिम आफ्रिकेतलं दुसनगुनी नावाचं तंतुवाद्यही वाजवायचा. तिघंच असल्याने सगळं दिसतं, कोण कधी सरकून दुसऱ्याला पुढे करतो ते. 1979 ते 1983 मध्ये तीन अल्बम आले, 1984 मध्ये वॉलकॉट रस्ता अपघातात गेला आणि ते तिथेच थांबलं.

याच्या अगदी उलट टोकाचं म्हणजे आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो, चौघं 1969 मध्ये पॅरिसला गेले आणि तिथेच पाचवा, ड्रमर डॉन मोये, त्यांना पुढच्या वर्षी मिळाला. तुम्ही म्हणता ती चार ठिकाणची मिसळ यांच्याकडे भरपूर, मार्च, चर्चचे सूर, आफ्रिकन ताल, मधेच घंटा, शिट्ट्या, सायकलचे भोंगे, चेहरे रंगवलेले आणि ट्रम्पेटवाला लेस्टर बोवी डॉक्टरचा पांढरा कोट घालून उभा. पण त्यांच्याकडे शांतता खूप असते हो, मिनिटभर नुसती एक घंटा, आणि तेवढ्याने पुढचा दंगा पचतो. बासवर मॅलाकाय फेवर्स एकच चाल धरून बसला की वर कुणी काहीही आणलं तरी पायाखाली जमीन असते.

सुरुवात कुठून करू असं विचारलंत तर कोडोनाचा पहिला अल्बम, मग आर्ट एन्सेम्बल, आणि ते 37 मिनिटांचं सगळ्यात शेवटी, नाहीतर पहिल्याच दिवशी पळून जाल. आणि अशा एखाद्या छोट्या ग्रुपचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल तर ते लावा आणि सॅक्सोफोन-ट्रम्पेट सोडून फक्त बासवाल्याच्या मागे जा, तो कुठे कुठे वाजवायचं थांबतो तेवढंच मोजा.