‘प्लेस’ म्हणजे जागा की ठिकाण?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहून भूगोलात एम.ए. करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: “मानवी भूगोलाच्या नोट्स मराठीत काढतोय. ‘स्पेस’ आणि ‘प्लेस’ हे दोन शब्द पानोपानी येतात. एका पुस्तकात दोन्हींना ‘स्थान’ केलंय, दुसऱ्यात एकाला ‘अवकाश’ आणि एकाला ‘जागा’. सर म्हणतात ‘स्थळ’ लिही. कुठला शब्द धरू? आणि ‘स्पेसची प्लेस होते’ हे मराठीत कसं सांगू?”

आधी ‘स्थळ’ बाजूला ठेवू या. शब्द चांगला आहे, पण घराघरांत त्याचा ताबा लग्नाने घेतलेला आहे. ‘सेन्स ऑफ प्लेस’साठी, म्हणजे एखाद्या ठिकाणाबद्दल मनात असलेल्या जाणिवेसाठी, ‘स्थळबोध’ असं वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे मुलाचा पगार आणि पत्रिका येते. दुसरी अडचण जास्त खरी आहे. प्रेक्षणीय स्थळ, घटनास्थळ, सांगून आलेलं स्थळ: तिन्हीकडे बघणारा बाहेरचा आहे. एकीकडे पर्यटक, दुसरीकडे पंचनामा करणारा हवालदार, तिसरीकडे मुलीचा बाप. आपण राहतो त्या गल्लीला कुणी ‘आमचं स्थळ’ म्हणत नाही. एडवर्ड रेल्फ या कॅनडातल्या भूगोलज्ञाने १९७६ साली नेमका हाच भेद मांडला होता, आतून अनुभवलेलं आणि बाहेरून पाहिलेलं. ‘प्लेस’ला ‘स्थळ’ म्हटलं की आपण नकळत बाहेर जाऊन उभे राहतो.

‘जागा’ फारसीतून आली आणि मराठीत ऐसपैस बसली. फ्लॅटची जागा, नोकरीची जागा, विधानसभेच्या जागा, एस.टी.तली जागा. या सगळ्या मोजता येतात, भरता येतात, रिकाम्या राहतात. स्टँडवर गाडी लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून आपण ‘जागा धरतो’, ‘ठिकाण धरत’ नाही. (भूगोलज्ञ रॉबर्ट सॅक यांनी १९८६ मध्ये ‘टेरिटोरियालिटी’वर पुस्तक लिहिलं. थोडक्यात म्हणणं असं की एखाद्या क्षेत्रावर हक्क सांगून माणसांवर नियंत्रण ठेवायचं. त्यांना आपला रुमाल दाखवायला हवा होता.) म्हणजे ‘जागा’ उपयोगाचा शब्द आहे, पण तिच्यात आठवण नाही.

आता ‘ठिकाण’. “डोकं ठिकाणावर आहे का?” असं आपण विचारतो, ‘जागेवर’ म्हणणारेही आहेत, पण राग खरा असेल तर ‘ठिकाणावर’च येतं. “त्याचा काही ठावठिकाणा नाही,” “पोर एकदाचं ठिकाणाला लागलं.” ठिकाण म्हणजे जिथे असायला हवं तिथे असणं. ‘प्लेस’मध्ये भूगोलज्ञांना जे हवं आहे ते इथे आयतंच आहे. त्यांच्यातल्याच यी-फू तुआन यांनी १९७७ च्या ‘स्पेस अँड प्लेस’ या पुस्तकात सांगितलं त्याचा आशय असा: स्पेस म्हणजे हालचालीला वाव, प्लेस म्हणजे विसावा. अनोळखी स्पेसची ओळख होत गेली, तिला मोल चढलं, की तिची प्लेस होते. मराठीत तर ठाण मांडणं, ठिय्या देणं, ठाव घेणं या सगळ्या ‘ठ’मध्ये थांबणंच भरलेलं आहे.

आणि हे मराठीला नवं नाही. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामी कुठे राहिले, कुठे बसले, त्या जागांची नोंद आहे. ओटा, झाड, देवळाचा कोपरा, यांचं महत्त्व कशामुळे, तर तिथे कुणीतरी थांबलं होतं म्हणून. ‘स्थानमाहात्म्य’ हा शब्द आपण देवळापुरता ठेवला, तो थोडा सैल सोडला तर ‘सेन्स ऑफ प्लेस’च्या बराच जवळ जातो.

मग ‘स्थान’ वापरायचं कुठे? ‘लोकेशन’साठी. भूगोलज्ञ जॉन ॲग्न्यू यांनी १९८७ मध्ये प्लेसचे तीन पदर सांगितले: नकाशावरचा बिंदू, रोजचे व्यवहार चालतात तो भोवताल, आणि त्याच्याशी जडलेलं मन. पहिल्याला स्थान म्हणा, दुसऱ्याला परिसर, तिसऱ्याला ठिकाणाची ओढ. कोल्हापुरात याचा रोज पडताळा येतो. मोबाइलच्या नकाशात ‘ताराराणी चौक’ दिसतो, रिक्षावाल्याला तुम्ही तसं सांगितलंत तर तो मान डोलवून म्हणतो, “म्हंजे कावळा नाका.” स्थान तेच, पण जिभेवरचं ठिकाण जुनं. ‘तिकटी’ही अशीच. तीन वाटा मिळतात म्हणून तिकटी, एवढाच भूमितीचा अर्थ, पण मिरजकर तिकटी किंवा पापाची तिकटी म्हटल्यावर कुणी वाटा मोजत बसत नाही. गंगावेशीत आज वेस शोधायला जाऊ नका. वेशीचं काम संपलं, ठिकाण राहिलं.

खरी पंचाईत ‘स्पेस’ची आहे. ‘अवकाश’ म्हटलं की यान उडतं. ‘स्पेशियल’साठी पाठ्यपुस्तकांतलं ‘अभिक्षेत्रीय’ हे विशेषण बरोबर असेल, पण ते तोंडात घोळत नाही, आणि त्याचं नाम वाक्यात कसं वापरायचं हा प्रश्न उरतोच. ‘स्पेशियल’ला ‘स्थानिक’ करणारे तर थेट घोटाळाच करतात. ‘स्थानिक विश्लेषण’ म्हणजे वॉर्डातल्या निवडणुकीचं विश्लेषण वाटतं. तरीही मी ‘अवकाश’च्या बाजूने आहे, आणि कारण व्याकरणाचं नाही. “लग्नाला अजून अवकाश आहे,” “जरा अवकाश मिळाला की येतो,” “हाक मारायचा अवकाश, हजर!” या वाक्यांत अवकाश म्हणजे काळ आहे, मोकळीक आहे, संधी आहे. एकाच शब्दात जागेचा आणि वेळेचा मोकळेपणा.

गंमत अशी की मानवी भूगोल गेल्या पन्नासेक वर्षांत खटपट करून इथेच आलाय. स्वीडनचे भूगोलज्ञ टॉर्स्टन हेगरस्ट्रँड १९७० साली सांगत होते की माणसाचा दिवस नकाशावर काढायचा तर काळाचा अक्षही काढावा लागतो. गावाहून पहाटे दूध घेऊन शहरात येणाऱ्याला पुढची कामं कुठे कुठे करता येतील, हे अंतरावर ठरतं तसंच परतीच्या गाडीच्या वेळेवरही ठरतं. भूगोलज्ञ डेव्हिड हार्वे यांनी १९८९ मध्ये भांडवलाच्या घाईने काळ आणि अवकाश दोन्ही आवळत जातात असं मांडलं, त्याला ‘काळ-अवकाशाचं आकुंचन’ म्हणता येईल. आपण मुळात “पुणं चार तासांवर” असंच बोलतो, किलोमीटर विचारले तर आठवावे लागतात. आणि ब्रिटिश भूगोलज्ञ डोरीन मॅसी यांचा तर आग्रहच होता की स्पेसला निर्जीव पृष्ठभाग आणि काळाला जिवंत प्रवाह मानू नका. ‘अवकाश’ला ते आधीच ठाऊक आहे.

अवकाश घडवला जातो, हे आंरी लफेव्र या फ्रेंच विचारवंताचं १९७४ चं म्हणणं. इथे मात्र मी ‘उत्पादन’ हा शब्द टाळेन, कारखाना आठवतो. दसरा चौकाच्या आसपासची बोर्डिंगं बघा. राजर्षी शाहूंच्या काळात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं निघाली, १९०१ साली मराठा बोर्डिंग. इमारती उभ्या राहिल्या एवढंच घडलं नाही, शिकायला शहरात कुणी यायचं याची मांडणी बदलली. “अवकाश निर्माण झाला” हे वाक्य तिथे अलंकारिक राहत नाही.

एक सावधगिरी. ‘ठिकाण’ म्हटलं की ते पिढीजात, कुंपणातलं, ‘आमचंच’ असं वाटायला लागतं. मॅसी यांनी १९९१ च्या एका निबंधात लंडनमधल्या किलबर्नचा हमरस्ता चालून दाखवला आणि म्हटलं, इथे आयर्लंडही आहे, भारतही आहे. ठिकाण म्हणजे दूरदूरच्या संबंधांची गाठ, हद्द नव्हे. पेठेच्या अभिमानात वाढलेल्या माणसाला हे पटायला जड जातं. पण फुटबॉलच्या सीझनला शाहू स्टेडियमवर जा. तालमीच्या, म्हणजे आपल्या पेठेतल्या संघाच्या, नावाने गळा फाटेपर्यंत ओरडणारी पोरं असतात, आणि त्याच तालमींकडून परदेशी खेळाडूही खेळून गेलेत. गोल मारला की तो पेठेचाच. तेव्हा ‘ठिकाण’ लिहा, फक्त त्याला कुंपण घालू नका.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: “वावरता वावरता अवकाशाचं ठिकाण होतं.” ‘रूपांतर होते’ नको, ते परीक्षेच्या पेपरात शोभतं. आणि रेल्फ यांच्या ‘प्लेसलेसनेस’साठी (सगळी ठिकाणं एकसारखी, ओळख हरवलेली होणं) ‘स्थानविहीनता’ वगैरे घडवण्यापेक्षा ‘बिनठिकाणीपण’ लिहून पाहा. सरांनी लाल रेघ मारलीच, तर कंसात त्यांचा शब्द ठेवा.