माध्यमिक शाळेतल्या मुलांकडून स्थानिक संस्कृतीचं जतन खरोखर कसं करून घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे की, आठवी ते दहावीच्या मुलांना वर्षभराचा लोकसंस्कृतीचा प्रकल्प द्यायचाय, पण तो तक्ते आणि प्रदर्शन एवढ्यावर संपायला नको.

मग विषय अगदी छोटा घ्या. 'आपल्या भागाची संस्कृती' असा विषय दिला की मुलं इंटरनेटवरून चार पानं उतरवून आणतात. त्याऐवजी विणण्याचा एक प्रकार, एका गाण्याची चाल किंवा एखादा खेळ घ्या. वर्षाखेरची कसोटीही आजच ठरवा: निदान दोघा-तिघांना ती गोष्ट स्वतः करून दाखवता आली पाहिजे. अमूर्त वारशाबद्दलच्या, म्हणजे गाणी, कला, कौशल्यं अशा वारशाबद्दलच्या, युनेस्कोच्या २००३ च्या करारातही जतनाच्या व्याख्येत नोंदणीसोबत शिक्षणातून पुढच्या पिढीकडे सोपवणं येतं. शाळेच्या हातात नेमकं हेच आहे.

ती गोष्ट जाणणाऱ्या माणसाकडे जाण्यासाठी गट तिघांचा करा. एकाने विचारायचं, एकाने रेकॉर्डिंग सांभाळायचं, तिसऱ्याने वहीत नावं, वेळ आणि न कळलेले शब्द टिपायचे. पहिल्या भेटीला फोन खिशातच राहू दे. काय करतोय, रेकॉर्डिंग कुठे राहणार, कोण ऐकणार, हे समजावून सांगायचं आणि संमती घ्यायची. लिहिता न येणाऱ्यांची संमती दुसऱ्या भेटीत रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तोंडी नोंदवावी.

आवाजासाठी साधा फोन चालतो. एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं. तो बोलणाऱ्यापासून दोन-तीन वितींवर, घडी घातलेल्या कापडावर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर बोटांची टकटकसुद्धा दणदणीत ऐकू येते. पंखा बंद करा. फाईल डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या, स्वरूपात घ्या. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनो (एकाच वाहिनीचं) अशी सेटिंग असेल तर तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते, तेवढी आधी मोकळी ठेवा.

हातकामाच्या व्हिडिओत सर्वात जास्त फसगत होते. मुलं समोर उभी राहून कारागिराचा चेहरा टिपतात. त्या कोनातून डावं-उजवं उलटं दिसतं आणि बघून शिकणारा गाठ उलटी मारतो. कॅमेरा कारागिराच्या खांद्यामागून खाली, हातांवर रोखलेला हवा. कारागीर 'चार बोटं सोडायची' किंवा 'मूठभर घालायचं' म्हणाला की तिथेच थांबा. त्याच्या चार बोटांची रुंदी पट्टीने मोजा. मूठभर माल तीनदा वजन करून तिन्ही आकडे लिहा, कारण दर वेळी थोडा फरक पडतो आणि किती फरक चालतो हीसुद्धा माहितीच आहे. मोजमापाशिवायची नोंद वाचून ती वस्तू कुणालाही बनवता येणार नाही.

प्रश्नात उत्तर दडलेलं नसावं. 'हे तुम्ही आईकडूनच शिकलात ना?' याला माणूस हो म्हणून मोकळा होतो. 'हे पहिल्यांदा कुठे पाहिलंत?' असं विचारावं आणि गप्प बसावं. मुलांना शांतता सहन होत नाही, ती लगेच पुढचा प्रश्न टाकतात. मनातल्या मनात दहा अंक मोजायची सवय लावा. काम चालू असताना 'आता हात का थांबला?' असं विचारलं, तर बसून घेतलेल्या मुलाखतीत कधी न येणारी उत्तरं मिळतात.

तासाभराचं रेकॉर्डिंग शब्दशः लिहायला नवख्या मुलांना सहा तास सहज लागतात, म्हणून सगळं लिहून काढायच्या फंदात पडू नका. दर दोन-तीन मिनिटांना काय आलंय त्याची वेळेनुसार सूची करा आणि महत्त्वाची दहा मिनिटं तेवढी पूर्ण लिहा. लिहिताना बोली 'शुद्ध' करू नका, हे मी कळकळीने सांगतो. बरेचदा शिक्षकच लाल पेनने दुरुस्त्या करतात आणि जे जपायचं तेच पुसलं जातं.

फाईलच्या नावात वर्ष, महिना, दिवस, विषय आणि क्रमांक याच क्रमाने ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक शाळेबाहेर. फोटो आणि व्हिडिओ मेसेजिंग ॲपवरून नेहमीसारखे पाठवू नका, ते दाबून लहान होतात आणि मूळ नावही जातं. ऑनलाइन खातं शाळेच्या नावाचं हवं. मुलांच्या वैयक्तिक खात्यात ठेवलेलं सगळं दहावीनंतर त्यांच्यासोबत निघून जातं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या रेबन काउंटीत १९६६ साली हायस्कूलच्या मुलांनी परिसरातल्या वृद्धांची कौशल्यं टिपण्यासाठी 'फॉक्सफायर' नावाचं नियतकालिक सुरू केलं. ते टिकलं, कारण पुढच्या तुकड्या काम हाती घेत गेल्या. म्हणून दर वर्षी वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला निदान दोन भेटींना सोबत नेलंच पाहिजे.

शेवटी एक भेट फक्त परत ऐकवण्यासाठी ठेवा. चुकलेली नावं, गाळलेल्या ओळी तिथेच दुरुस्त होतात. काही भाग बाहेर जाऊ नये असंही कुणी सांगेल, विशेषतः विधींशी जोडलेल्या गोष्टींबद्दल. त्यासाठी नोंदवहीत 'सर्वांसाठी', 'फक्त शाळेत', 'बंद' असा रकाना आखा आणि प्रत्येक प्रत कुठे आहे तेही लिहा. उद्या कुणी 'माझं पुसून टाका' म्हटलं, तर तिन्ही ठिकाणांहून पुसता आलं पाहिजे.